फ्रंट राइट म्हणजे उगवतीचा स्पीकर

गेल्या रविवारी दुपारी मी संगमनेरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलभर वायरी पसरून बसले होते. नवऱ्याने हौसेने होम थिएटर आणलं, खोका उघडला, स्पीकर आणि वायरींचं जंजाळ बघितलं आणि 'तू सायन्सची ना, तूच जोड' म्हणून झोपायला निघून गेला. असा राग आला ना…

हॉलमध्ये माझ्याबरोबर फक्त आई. काचबिंदूने तिची नजर पार गेली, म्हणून दिवाळीनंतर तिला कर्जतजवळच्या आमच्या गावाहून कायमची माझ्याकडे आणलीय. कायमची हे माझं म्हणणं… ती रोज म्हणते, 'मला गावाला सोड.'

गावी ती डोळ्यांना दिसत नसतानाही अंगणभर फिरायची. इथे खुर्चीतून उठायलाही माझा हात लागतो. 'हितं मला दिशाच घावत न्हाई गं,' म्हणते. तिला गावी एकटी ठेवू कशी, आणि इथे नुसती बसवून ठेवू तरी कशी… याच विचारात मी वायरींची टोकं सोलत होते.

जोडणीचा मी उगाच बाऊ केला होता. टीव्हीमागे एआरसी लिहिलेली जागा असते, तिथून एचडीएमआय केबल ॲम्प्लिफायरला. मग प्रत्येक स्पीकरची लाल वायर लाल क्लिपमध्ये, काळी काळ्यात. झालं.

मग टेस्ट टोन लावला. यात एकेक स्पीकर आळीपाळीने खरखरतो आणि टीव्हीवर त्याचं नाव येतं. आई एकदम ताठ बसली… 'कोन बाजरी पाखडतंय?'

टीव्हीवर नाव होतं फ्रंट लेफ्ट. पण मागे वाकून जोडताना माझंच डावं-उजवं गडबडलं होतं, म्हणून टीव्हीसमोर बसलेल्या आईलाच विचारलं. 'आई, आवाज डावीकडून येतोय का गं?' 'तुझ्या डाव्या का माझ्या? उगवत-मावळत सांग की नीट!'

 इतकी वर्षं या घरात राहतेय, पण पूर्व कुठे ते सांगता येईना. शेवटी बाल्कनीत जाऊन बघून आले… बाल्कनीत सावली, ऊन पलीकडे स्वयंपाकघराच्या बाजूला कललेलं, म्हणजे बाल्कनी पूर्वेला.

'बाल्कनीकडे, गाड्यांचा आवाज येतो तिकडे उगवत, आई.' 'मंग ह्यो उगवतीकडून वाजतोय.' बाल्कनी सोफ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे आवाज उजवीकडून… चुकलंच होतं! पुढच्या दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. नवख्यांनो, डावं-उजवं सोफ्यावर बसून ठरवा, टीव्हीमागे वाकून नाही.

परत टोन लावला. पडदे ओढलेले, पंखा बंद, घरावर दुपारची गुंगी… आवाज एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जात होता आणि आईची मान हळूहळू त्याच्यामागे फिरत होती. 'मावळतीचा… मधला… उगवतीचा…' ती स्वतःशीच पुटपुटत होती.

मलाही डोळे मिटावेसे वाटले. मिटले तर हॉलच्या भिंती कुठल्या कुठे गेल्या. मोठ्या अंगणात बसलोय आणि कुणीतरी सूप घेऊन आमच्याभोवती सावकाश फिरतंय, असं काहीतरी…

डोळे उघडले तर आई उभी! माझा हात न मागता. मी फक्त उगवतीचा तेवढा एक स्पीकर वाजत ठेवला. पाय घासत घासत ती त्याच्या दिशेने गेली आणि बाल्कनीच्या दाराची चौकट तिच्या हाताला लागली.

'म्हंजी खरंच हिकडं उगवत व्हय?' 'हो गं.'  मग तिने उलट्या बाजूला, फ्रिजकडे हात केला… 'आन् मी रोज सकाळी सूर्याला तिकडं हात जोडते.'

आधी मला फिस्सकन हसू आलं आणि मग हमसून हमसून रडू आलं. 'अगं मला विचारायचं ना!' 'तुमची सकाळची घाई… कुनाला इचारू?'

सोमवारी सकाळी मी डबे भरता भरता तो स्पीकर जरा वेळ लावून दिला. आई एकटी चालत बाल्कनीत गेली. कोवळं ऊन तोंडावर आलं तशी हात जोडून कितीतरी वेळ उभी राहिली… मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'हितंबी उगवतंय की गं.'

गावाला सोड, हा विषय त्यानंतर तिने काढलेला नाही. सिनेमा आम्ही अजून एकही बघितला नाही… पण त्या मशीनमध्ये ती खरखर घालून ठेवणाऱ्या अनोळखी माणसा, तुझं भलं होवो.