दिराने विकायला काढलेली व्हॅन आणि मोलगीचा घाट

सातपुड्यातल्या मोलगीला जायचं ठरलं ते रागाच्या भरात. निसर्गाची ओढ वगैरे लिहून मी तुम्हाला फसवणार नाही.

आमचं गाव ब्राह्मणपुरी, तालुका शहादा. मी आठवडे बाजारांत स्टीलची आणि जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी विकते. नवरा साखर कारखान्यात आहे, गाळप सुरू असलं की घरी फक्त झोपायला येतो. पूर्वी माझा माल माझ्या दिराच्या, म्हणजे संजयभाऊंच्या टेम्पोतून जायचा. टेम्पो त्यांचा, भाडं ते सांगतील ते, आणि कुठल्या बाजाराला जायचं तेही तेच ठरवणार. दिवाळीनंतर मी एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली, एक लाख नव्वद हजारांना, आणि चालवायलाही शिकले. तेव्हापासून संजयभाऊंना माझ्या व्हॅनच्या आवाजात रोज नवा आजार ऐकू येतो.

होळीच्या तोंडावर डोंगरातली माणसं ऊसतोडीवरून, गुजरातेतल्या कामांवरून घरी परततात. हातात मजुरीचे पैसे असतात आणि भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या बाजारात मनासारखी खरेदी होते. मला मोलगीचा हा बाजार करायचाच होता. अंगणात सगळ्यांसमोर संजयभाऊ म्हणाले, "वैनी, सपाटीवर फिरनं येगळं. घाटमा हाई डबडं चढाव नही. दोर बांधीसन आननी पडनी तर काय करशात?"

"तर इकी टाकसू," मी म्हणाले. "पन सोताना पायवर परत उनी, तर पुन्हा इकानं नाव काढानं नही."

दोराने ओढून आणावी लागली तर विकून टाकेन, असं बोलून गेले आणि मग रात्रभर हिशेब करत बसले. व्हॅन गेली की पुन्हा त्यांच्याच टेम्पोच्या मागे उभं राहायचं होतं.

जुनी मालवाहू गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांनी एक ऐकावं. दिलेली किंमत ही नुसती सुरुवात. विमा सतरा हजारांच्या घरात जातो. जुन्या गाडीला पासिंगसाठी पुन्हा पुन्हा न्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी काहीतरी रंगवायला, बसवायला सांगतात. मागचे दोन टायर मी आल्या आल्या बदलले. क्लच प्लेट अजून वर्षभर चालेल म्हणे, त्या 'म्हणे'वरच मी गाडी चालवते. सरकता दरवाजा रुळावरून उतरतो, तो खांद्याने उचलून ढकलायचा. पहिल्या चावीला गाडी सुरू होत नाही, दुसऱ्या चावीला होते. आणि हँडब्रेक आहे, पण नावाला.

या हँडब्रेकमुळेच सासूबाई बरोबर आल्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. गाडी चढावर थांबली की खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा, हे त्यांचं काम. पायाशी दोन चांगले दगड घेऊन त्या पुढच्या सीटवर अशा बसल्या, की बघणाऱ्याला वाटावं गाडी त्यांचीच आहे.

निघण्याआधी मी एक काम केलं होतं. शहाद्यातून मोठा फ्लेक्स छापून आणला, 'सुनंदाबाईंचे भांडी भांडार', आणि गाडीच्या तोंडावर ताणून बांधला. दिराच्या टेम्पोवर इतकी वर्षं त्यांचं नाव वाचलं होतं. आता समोरून येणाऱ्याने माझं वाचावं.

पहिला दिवस सोपा. शहाद्याहून तळोदा, तिथून अक्कलकुवा. दोन्ही बाजूंना केळी, मग ऊस, उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत जावं लागतं तेवढंच. अक्कलकुव्यात हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजवाल्या चाचांना गाडी दाखवली, कारण इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा जरा वर दिसत होता. त्यांनी बॉनेट उघडलं, वास घेतला, मान हलवली.

"बाई, हिच्या इंजिनचा गॅस्केट जाणार. अठरा हजार धरून चाला. मोलगी नका जाऊ, इथंच ठेवा गाडी."

"ठेवली तर घरी कशी जाऊ?"

"टो करून."

तो शब्द ऐकून आत्यांनी दार आपटून घेतलं. आम्ही त्यांच्या माहेरच्या नात्यातल्या घरी मुक्काम केला आणि सकाळी गार हवेत निघालो.

अक्कलकुवा सोडलं की थोड्या वेळात घाट लागतो. रस्ता ठीक आहे, पण वळणं आवळून टाकलेली. समोरून काळीपिवळी जीप आली की तिच्या टपावरची माणसंसुद्धा आपल्या गाडीत डोकावतात. सातपुडा फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवा नसतो, पळसाने लाल असतो. मला काही तो नीट बघता आला नाही. माझी नजर काट्यावर. निम्म्या घाटात काटा लालमध्ये गेला आणि पुढून वाफ निघाली.

आत्या खाली उतरल्या, दगड लावला, वर बघून म्हणाल्या, "उकळी उनी वं. चहा टाकू का?"

मला हसू आलं नाही, रडूच आलं. तेवढ्यात खाली जाणारी एक जीप थांबली. ड्रायव्हर भला माणूस होता. "ताई, दोर आहे माझ्याकडे. अक्कलकुव्यापर्यंत ओढून देतो. पैसे नको."

फुकटची मदत नाकारायला किती जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं. "नको," मी म्हणाले. "गाडी दमलीय, बसेल थोडी आणि चढेल." त्याने आत्यांकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, "ती सांगस तेच. जाय तू भाऊ."

जीप गेली. ऊन चढत होतं, आत्यांना बसायला जागा नव्हती. मी फ्लेक्स सोडला आणि गाडीच्या सावलीत अंथरला. आत्या माझ्या नावावर ऐसपैस बसल्या, डब्यातली भाकरी आणि लसणाची चटणी काढली. तासाभराने इंजिन थंड झालं. रेडिएटरच्या टाकीचं झाकण मी फडक्याने, हळूहळू उघडलं. गरम असताना कधीच उघडू नका, तोंड भाजेल. पाणी भरलं, फ्लेक्स गुंडाळून आत टाकला, दुसऱ्या चावीला गाडी सुरू झाली.

आणि काटा मध्यावरच राहिला. पुढचं वळण, त्याच्या पुढचं, शेवटचा उभा चढ, तरी मध्यावरच. मला वाटलं काटाच बिघडला. मोलगीच्या अलीकडे सपाटी आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. गॅस्केट नाही, काही नाही. माझाच फ्लेक्स जाळीवर ताणून बसला होता, रेडिएटरला वारा कुठून लागणार? सपाटीवर खपून गेलं, घाटात नाही.

"आत्या, गाडीनं नाक मीच दाबेल व्हतं."

"तुन्हा नावनीच गाडी तापनी म्हन की," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून हसत बसल्या.

फ्लेक्स मी मागच्या दारांना बांधला. आता घाटात माझ्या मागे अडकणारे सगळे माझं नाव सावकाश वाचतात.

बाजाराबद्दल लिहायला दुसरा ब्लॉग लागेल. ढोल, चांदीचे दागिने, एकसारखे कपडे घालून आलेले पोरींचे घोळके. माझी पातेली दुपारपर्यंत संपली. उडदाची डाळ आणि ज्वारीची भाकरी खाल्ली, ती अजून जिभेवर आहे. आधीच्या मालकाने मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकलेत, त्यामुळे रिकामी व्हॅन सशासारखी उडते. म्हणून परतीला भगरीची पोती भरली. उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहिले, ब्रेक जाळले नाहीत. सगळं मिळून डिझेल पंधराशेच्या आत.

दिवेलागणीला घरी पोहोचलो, तर अंगणात एक अनोळखी गृहस्थ चहा पीत बसलेले. संजयभाऊंनी दोंडाईच्याहून गिऱ्हाईकच बोलावून ठेवलं होतं. त्यांना इतकी खात्री होती. संजयभाऊ माझ्या गाडीच्या पुढे दोर शोधत उभे राहिले.

गिऱ्हाईकाने गाडीला फेरी मारली. "काही तक्रार?"

मी सगळ्या सांगितल्या. चावी, दार, हँडब्रेक, क्लच, पाटे. घाटात तापली ती का, तेही सांगितलं. माणूस खूश झाला. "इतकं खरं कोन सांगस? दोन लाख दहा हजार देस मी, आत्तेच."

घेतल्यापेक्षा वीस हजार जास्त. क्षणभर मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. क्लच प्लेट एक दिवस जाणारच आहे. पण त्या घाटातून परत आल्यापासून या गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं नाव मला माहीत आहे, आणि त्या प्रत्येक दुखण्याचा खर्च मी ठरवते, दुसरं कुणी नाही.

"इकानी नही शे," मी म्हणाले. "आत्या, भांडा भरी ठेवूत. सकाळे म्हसावदना बजार शे."

संजयभाऊ पुढे आले. "म्हसावदले? पन वैनी, म्हसावदले मी टेम्पो लई जातच नही."

"म्हनीसनच जाई ऱ्हायनू."