तिला धरून ठेवायला मी सांगितलं नव्हतं

माझी मुलगी हृदयात दोष घेऊनच जन्मली. तान्ही असताना एक ऑपरेशन झालं, आणि तेव्हाच डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की थोडी मोठी झाली की झडपेचं दुसरं करावं लागेल. त्यामुळे दवाखाना आमच्या घराला नवा नव्हता. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर, मी नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. रजा काढणं, डबा भरणं, फाईल उचलून रिक्षात बसणं हे अंगवळणी पडलं होतं. पोरही धीट होती. डॉक्टर समोर आले की स्वतःच फ्रॉकचं वरचं बटण काढून तयार राहायची.

ती सात वर्षांची असताना तपासणीसाठी तिला भरती केलं. सलाईनची सुई लावायच्या वेळी एका तरुण डॉक्टरनं मला खोलीबाहेर काढलं. आईसमोर मुलं जास्त रडतात, म्हणाला. मी बंद दाराला टेकून तिच्या किंकाळ्या ऐकत राहिले. आत गेले तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर कापूस चिकटवलेला होता. मला बघून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावरही ती माझ्या हातानं जेवेना. वेणी घालायला बापाकडे जायची, ज्याला वेणी घालता येत नव्हती. मी गोळी दिली की आधी हुंगून बघायची. मला वाटलं, दुखलं म्हणून रुसली असेल, जाईल राग. मग एका रविवारी मी भाजी चिरत होते, तेव्हा ती ओट्याजवळ येऊन उभी राहिली.

"तू काहून सांगितलं वं आई, मले धरून ठेवा म्हणून?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टर तिला म्हणाला होता, हाताचा फोटो काढायचा आहे फक्त. सुई दिसल्यावर तिनं हात ओढला, तेव्हा तिथल्या दोन नर्सनी तिला दाबून धरलं. शीर सापडेना. ती माझ्या नावानं ओरडायला लागली तसा तो म्हणाला, तुझ्या आईनंच सांगितलंय धरून ठेवायला.

तिला जवळ घेऊन मी सांगितलं की मी असं काही बोलले नव्हते. तिनं विश्वास ठेवला की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

नवरा म्हणाला, तक्रार कर. पण तक्रारीला उत्तर आलं असतं ते कचेरीतून, शिक्का मारून. मला ते नको होतं. मला त्या माणसाचं तोंड पडलेलं बघायचं होतं, आणि ते माझ्या मुलीनंच पाडायला हवं होतं.

त्याच दिवसापासून मी तिला तयार करू लागले. औषधाच्या दुकानातून सलाईनची सुई आणली आणि चिरायला घेतलेल्यातलं एक वांगं तिच्या हातात दिलं. सुई कुठं जाते, नळी आत राहते आणि सुई बाहेर येते, हे तिनं स्वतः करून बघितलं. दुखेल का, असं तिनं विचारलं. दुखेल, मी म्हटलं, मोठी लाल मुंगी चावल्यासारखं.

"वांगं तर ओरडत नाही."

"तू ओरड. पाहिजे तेवढं ओरड. फक्त हात हलवायचा नाही."

बेशुद्ध कसं करतात, जाग आल्यावर छातीवर पट्टी असेल, घशात नळी असेल म्हणून थोडा वेळ बोलता येणार नाही, तेव्हा हाताच्या खुणा कोणत्या करायच्या, हे सगळं आम्ही खेळून खेळून पक्कं केलं. आणि रोज शेवटी एक प्रश्न घोकून घेतला. बघणाऱ्यांना वाटायचं, केवढी समजूतदार आई. खरं काय ते तिलाच कळलं होतं.

"आई, तू मले त्याच्याशी भांडायले शिकवून राहिली का?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा घोकायला लागली.

झडपेच्या ऑपरेशनसाठी भरती झालो तेव्हा तो तिथंच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टर मॅडम राऊंडला आल्या, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, आणि त्यात तो. मॅडमनी सहज विचारलं, काही विचारायचंय का बेटा? मुलीनं बोट त्याच्याकडे केलं.

"तुम्ही म्हटलं होतं, आईनं धरून ठेवायले सांगितलं. आईनं नव्हतं सांगितलं. खोटं काहून बोलले?"

तो हसला. मुलं काहीही लक्षात ठेवतात, असं मॅडमना म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत.

"तिनं तुम्हाला विचारलंय. तिला उत्तर द्या."

त्याचे कान लाल झाले. मी डोळे भरून बघितले ते कान.

"शीर सापडत नव्हती," तो शेवटी म्हणाला. "मी घाबरलो होतो."

"मग तसं सांगायचं नं."

त्या दिवशीची सुई मॅडमनी त्यालाच लावायला सांगितली, आणि मी शेजारी बसायचं असंही ठरवून दिलं. त्यानं आधी सगळं समजावून सांगितलं. मुलगी जोरात ओरडली, पण हात जागचा हलला नाही. सुई पहिल्याच वेळी बसली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घोळक्यासमोर त्याची आणखी एकदा फजिती झाली असती तर, हेही मनात येऊन गेलं.

ऑपरेशन नीट झालं. आता ती बारा वर्षांची आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज, रक्ताची तपासणी ठरल्या दिवशी. हे जन्मभराचं आहे, तिला माहीत आहे. त्या डॉक्टरशी तिची गट्टी आहे. शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, हेसुद्धा ती त्याला सांगते.

मागच्या खेपेला दवाखान्याच्या कँटीनमध्ये तो माझ्या टेबलाशी आला. चूक झाली होती, म्हणाला. तेव्हापासून कोणत्याही मुलाला खोटं सांगितलं नाही. मग म्हणाला, "तिनं तर कधीच माफ केलं."

"तिचा हात होता, तिनं केलं," मी म्हटलं. "खोटं माझ्या नावावर बोललात तुम्ही. मी नाही करत."

त्यानं मान हलवली आणि आपला चहा घेऊन पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. माझा चहा चांगला झाला होता. मी तो सावकाश संपवला.