पूजेला बसलेला गॉगल

परवा नात एचएसआर लेआउटहून आली, डोळ्यांवर गोल तारेचा काळा गॉगल. "आज्जी, दिसते का रॉकस्टार?" म्हटलं, "अगं बाई, ही फॅशन तुझ्या जन्माआधी आपल्या बसवनगुडीच्या घरात पूजेला बसली होती!" ती हसली. हसू दे, बसली होती खरीच.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, कॉलेजच्या रॉक बँडमध्ये गायचा. मानेवर केस आणि डोळ्यांवर अस्साच गोल गॉगल. लोक म्हणायचे, काय तोरा! तोरा कसला, स्वारी महालाजाळू. समोरचे चेहरे दिसले की आवाज घशातच अडकायचा. काळ्या काचेमागून काही नीट दिसत नसे, म्हणून गॉगल घालून स्टेजवर वाघ. आमच्या अप्पांना हे थेर मुळीच पसंत नव्हते. बापलेकांचं बोलणंच बंद होतं.

त्या वर्षी नेमका आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, संध्याकाळी बँडचा कार्यक्रम होता. निघायच्या वेळी गॉगल गायब! अण्णाने कपाट उपसलं, गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. "अप्पांनीच फेकला असणार!" मीही तावातावाने म्हटलं, "दुसरं कोण?"

आई म्हणाली, "देवघरात बघ रे आधी."

पाटावर घरातल्या प्रत्येकाचं हत्यार मांडलेलं होतं. अप्पांचं पेन, आईची विळी, माझी शिवणाची कात्री. गाणाऱ्याला कुठलं आलंय हत्यार? म्हणून अप्पांनी गॉगल मांडला होता. दोन्ही काचांवर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल.

आता आली का पंचाईत! पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, "स्वल्प पुसून घे की, देव काही रागवत नाही." अण्णाने हात पुढे केला, मागे घेतला. "राहू दे गं. अप्पांनी मांडलाय."

बिचारा उघड्या डोळ्यांनी स्टेजवर चढला. पहिली ओळ इतकी कापरी आली की मला रडूच यायला लागलं. मग त्याची नजर मागे मैदानाच्या फाटकापाशी खिळली आणि आवाज असा मोकळा सुटला की मी वळूनच पाहिलं. फाटकाशी अप्पा उभे होते, कपाळावर सकाळचं कुंकू तसंच.

गाताना अण्णाने तो गॉगल पुन्हा कधी घातला नाही. अप्पा गेल्यावरही दर आयुधपूजेला पाटावर मात्र ठेवायचा. म्हणायचा, "त्या दिवशी हा डोळ्यांवर असता, तर अप्पा मला दिसलेच नसते गं."