सक्षम वाचलं मी

"वाचा," साहेब म्हणाले. "मोठ्यानं वाचा. तुमचाच कागद आहे ना?"

मी उभी होते. समोर रिकामी खुर्ची होती, पण बस म्हणालं नव्हतं कुणी. शेजारच्या खुर्चीत शेठ, त्याच्या बाजूला त्याचा वकील, दाराशी चहाचा ट्रे घेऊन शिपाई. माझी सून संगीता माझ्या मागं. ती पुढं झाली तर साहेबांनी हातानंच थांबवलं. "मालक त्या आहेत म्हणता ना? मग त्यांनाच वाचू द्या."

कागद धरला. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरं होती. वाचलं, "सक्षम उद्योग."

साहेब हसले. वकील हसला. शेठ तर मांडीवर थाप मारून हसला.

"सक्षम नाय, मावशी. सूक्ष्म! सूक्ष्म म्हंजे बारीक. डोळ्याला दिसत नाय असं." मग मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "आता तुम्ही कुठून बारीक, तुम्हीच सांगा."

पुन्हा हशा. शिपाईसुद्धा हसला. त्याचं जास्त लागलं.

झालं होतं एवढंच. सरकारी दवाखान्याच्या चादरी आणि पेशंटचे गाऊन शिवायचं टेंडर निघालं होतं. लहान उद्योगांसाठी राखीव. हर्सूलला माझं पत्र्याचं शेड आहे, शिलाई मशिनी आहेत, वस्तीतल्या बायका कामाला आहेत. सुनेनं नोंदणी केली, टेंडर भरलं. माझ्या नावानं, पहिल्यांदाच. नोंदणीत सरकार आपल्याला सक्षम म्हणतं, असंच मी समजून होते. घरात सांगितलंही होतं तसं.

शेठनं हरकत घेतली. चौथी शिकलेली बाई कारखान्याची मालक असूच शकत नाही, हिच्या मागं कुणीतरी बडा व्यापारी आहे, ही नुसती नावाला. म्हणून सुनावणी. हरकत मान्य झाली तर आमचं टेंडर बाद. मी खरी की कुणाची बाहुली, हे माझ्या वाचण्यावरून ठरणार होतं.

आडनाव वाचून साहेबांनी सुरुवातीलाच एकदा चष्म्यावरून पाहिलं होतं. ती नजर मला शाळेपासून ओळखीची. चौथीत शाळा सुटली तीही त्याच नजरेपायी.

आणि हरकत घेणारा कोण? याच शेठचं पेटी काम मी कित्येक वर्षं केलं. पेटी म्हणजे टेंडर त्याचं, बिल त्याचं, शिलाई आमची. वाळूजला त्याचा लांबलचक कारखाना. मीही तिथं बसून शिवलंय. एकच गेट, एकच भोंगा, एकच संडास. कागदावर मात्र तीन लहान कारखाने. एक त्याचा, एक बायकोचा, एक मेव्हण्याचा. तपासणी यायची असली की टेम्पोतून प्लायवूड यायचं. मधोमध भिंती उभ्या राहायच्या, पाट्या लागायच्या. मुकादम ओरडायचा, "ए बायांनो, आज तुम्ही वहिनीसाहेबांच्या कामगार. कुणी इचारलं तर शेठला वळखत नाय म्हणायचं!" तपासणीवाले चहा पिऊन गेले की प्लायवूड परत टेम्पोत. वहिनीसाहेब तिथं कधी आल्याच नाहीत. त्यांना मी फक्त दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावरच्या फोटोत पाहिलं.

"पुढची ओळ वाचा," साहेब म्हणाले.

मी कागद टेबलावर ठेवला. रिकामी खुर्ची ओढली. बसले.

"बसायला सांगितलं का तुम्हाला?"

"नाय. उभं राहायलाबी कुठं लिहिलेलं नाय." मी शेठकडं बोट केलं. "ह्यांच्या बायकोच्या नावानं कारखाना हाय. तिला बोलवा. तिलाबी उभं करा. वाचायला नगा लावू. एवढंच इचारा, बाई, तुझ्या कारखान्याचं गेट कुठल्या रस्त्याला हाय?"

शेठचं हसू बंद झालं. वकील म्हणाला, "हा आजचा विषय नाही, सर."

मी प्लायवूडचं सगळं सांगितलं. साहेब पेन फिरवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तोंडी आरोप चालत नाहीत. लेखी द्या."

"माझं वाचणं तोंडी चाललं की!"

"बाई, आवाज खाली."

हरकत मान्य झाली. आमचं टेंडर बाद. काम गेलं शेठच्या बायकोच्या नावावर. निकाल ऐकून निघालो तर शेठनं जिन्यातच गाठलं. आवाज एकदम घरातल्यासारखा.

"मावशी, राग धरू नका. धंद्यात चालतं हे. चादरी तुमच्याच शेडला टाकतो. लई काम हाय. नाव तेवढं आमचं राहू द्या. नाव काय चाटायचंय तुम्हाला? पोरींच्या हाताला काम नको का?"

इथं मला थांबावं लागलं. शेडमध्ये बायका वाट बघत होत्या. त्यांना नाव नको होतं, काम हवं होतं. संगीता माझ्या तोंडाकडं बघत होती.

इतकी वर्षं त्या माणसाला अहो-जाहो केलं. त्या जिन्यात पहिल्यांदा अरे म्हणाले.

"अरे, तुझ्या नावानं आता माझ्या मशिनीवर एक टाका पडायचा नाय."

त्याची किंमत मोजली. दोन बायका त्याच्या पेटीवर गेल्या. जाताना रडल्या. मी म्हटलं, रडता कशाला, जा. पोट आहे. उरलेल्या आम्ही परकर आणि उशांच्या खोळी शिवतो, बाजारात बसून विकतो. काही मशिनी झाकून ठेवल्यात.

तक्रार मी स्वतः लिहिली. संगीता म्हणाली, "आत्या, मी टाईप करून देते." म्हटलं, नको. पाटीवर गिरवतात तसा 'सूक्ष्म' गिरवला. क्ष, आणि त्याला खाली चिकटलेला म. हात दुखला. मग प्लायवूड, गेट, भोंगा, सगळं लिहिलं आणि खिडकीवर देऊन शिक्का घेतला. उत्तर आलेलं नाही. विचारायला गेलं की साहेब मिटिंगला असतात.

नवीन टेंडर निघालंय. भरलंय. माझ्याच नावानं. शेठ हरकत घेणार, मला परत बोलावणार, परत कागद हातात देणार. देऊ दे. सूक्ष्म आता बरोबर वाचीन. हसायला त्यांनी दुसरं काहीतरी शोधावं. आणि वाचीन ते बसून. खुर्ची नसली तर फरशीवर बसून.

त्या खोलीत जिला उभं केलं ती चौथी शिकलेली बाई मी. हर्सूलच्या शेडची मालक.