धडधाकट माणसाची गोळी

आमच्या डॉक्टरांइतका औषधांचा राग असलेला डॉक्टर अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. वणीतल्या त्यांच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं नर्स होते. त्यातली निम्मी तरी रुग्णांची समजूत काढण्यात गेली. ताप घेऊन आलेल्याला ते काल काय जेवलास ते विचारत आणि गोळीऐवजी ताक लिहून देत, तेही शाळामास्तरासारख्या वळणदार अक्षरात. नव्या औषधाची तारीफ करणाऱ्या कंपनीच्या माणसापुढे पाण्याचा ग्लास सरकवत, "एवढी चांगली आहे तं तूच खा ना बापा." खुर्चीवर टेकण्याआधी खिशातला तंबाखू-सुपारीचा खर्रा टोपलीत टाकावा लागे. कोळसा खाणीवरच्या एका ड्रायव्हरने पुडी मोज्यात दडवली, तर पायाला सूज आहे का बघतो म्हणून त्यांनी त्याचे दोन्ही मोजे उतरवले.

अशा माणसाकडे मारेगावकडची एक तरुण बाई आली. नवरा ट्रकवर. त्याला एचआयव्ही निघाला होता, उपचार नुकतेच सुरू झाले होते. हिच्या तपासणीत मात्र काही निघालं नव्हतं. लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी असते, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. तीच मागायला ती आली होती.

"आजार नाही तं गोळी कायले?" डॉक्टर कडाडले. "धडधाकट माणसाले अशा गोळ्या वाटल्या तं लोकं बेफाम होतीन!"

"कोण बेफाम होते साहेब?" ती हळूच म्हणाली. "माहा तं दिवस वावरातच जाते. मले फक्त माह्या नवऱ्यासंग, माह्या घरात राहाचं आहे."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. ती उठून गेली.

त्यानंतर बराच वेळ त्यांनी पुढचा रुग्ण आत बोलावलाच नाही. मग मला विचारलं, "सिस्टर, मी त्या बाईले काय म्हटलं?" मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. हाताखाली शिकलेल्या ज्या विद्यार्थ्याला ते आयुष्यभर गाढव म्हणत आले, तो आता नागपुरात मोठा डॉक्टर होता. त्याला फोन लावून त्यांनी पाऊण तास सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि फोन ठेवताना चक्क "थँक यू सर" म्हणाले. लगेच तिच्या गावी जायला स्कूटर काढत होते, मीच अडवलं. "तुम्ही दारात दिसलात की सारं गाव तिला कारण विचारेल." मग मी तिला फोन केला.

ती आली तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. "बाई, त्या दिवशी मी डॉक्टरसारखा नाही बोललो. चुकलं माहं." तिने पदराने डोळे पुसले. रक्त पुन्हा तपासलं, गोळी झेपेल ना म्हणून मूत्रपिंडाची तपासणी केली, आणि त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: रोज एक गोळी, चुकवायची नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी.

वणीतल्या डॉक्टरांच्या बैठकीत पुढे कुणीतरी तेच म्हणालं, लोक बेफाम होतील. आमचे डॉक्टर म्हणाले, "मीही हेच बोललो होतो, अन् बाई निघून गेली. परत आली, हे माहं नशीब." त्यानंतर दोन-तीन जणांनी त्यांच्याकडून ती वही वाचायला नेली.

त्या बाईला लागण झाली नाही. नवऱ्याचा विषाणू औषधांनी दबला, मग डॉक्टरांनीच तिची गोळी थांबवली. तिची मुलगी आता अंगणवाडीत जाते.

डॉक्टर आता पुण्याला, लेकीकडे. आठवण पुसट झालीय. कधी सकाळी त्यांचा फोन येतो. माझं नाव त्यांना आठवत नाही, पण काळजीने विचारतात, "सिस्टर, तीन महिने झाले, ती बाई तपासणीले आली का?"

"आली होती," मी सांगते. "चांगली आहे."

"मंग ठीक," ते म्हणतात, आणि फोन ठेवायचं विसरून तिकडे नुसतेच बसून राहतात. मीही ठेवत नाही.