नखाची रेघ

चपलेच्या तळाला टाके घालायचे तर आधी रेघ लागते. आमच्या घरी ती नखानं मारायची. भिजवलेलं कातडं निथळलं की माझ्या सासूबाई तळ डाव्या हातात धरायच्या, उजव्या हाताचं बोट कडेला टेकवायच्या आणि अंगठ्याचं नख दाबत तळ फिरवत न्यायच्या. रेघ कडेपासून जराही सरकायची नाही. त्यासाठी तेवढं एक नख त्या वाढवून ठेवत. भाकरी थापताना ते पिठात रुतायचं, तरी कापत नसत. मग त्या रेघेवर आरीनं भोक पाडायचं आणि कातड्याचीच बारीक वादी ओवून टाका ओढायचा.

कोल्हापुरात आमच्या गल्लीत घरोघर हेच काम. पुरुष कातडं कापणार आणि ठोकणार, बायका पट्ट्यांवरच्या कातडी वेण्या विणणार आणि टाके घालणार. शिवाय नळाचं पाणी, स्वयंपाक, पोरांच्या शाळा होत्याच. लोक याला कला म्हणतात. म्हणू देत. माझे खांदे सकाळच्या भाकऱ्या होईपर्यंतच भरून आलेले असायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, चष्मा मिळाला. पण चष्म्यातून एकाचे दोन टाके दिसतात म्हणून त्यांनी तो फडताळात ठेवून दिला. उंबऱ्याजवळची उजेडाची जागा त्यांची होती आणि तिथं बसून त्या पूर्वीसारख्याच टाके घालत राहिल्या. रेघ नखाच्या अंदाजानं सरळ यायची. टाका मात्र रेघ सोडून कुठंही पडायला लागला.

मला दिसत होतं, नवऱ्याला दिसत होतं. कापड असतं तर मी गुपचूप उसवून पुन्हा शिवलं असतं. कातड्याला पडलेलं भोक बुजत नाही. शेजारी दुसरं पाडलं तर तळ तिथूनच फाटतो. म्हणजे सांगणं भाग होतं. सांगितलं तर त्यांची जागा गेली, आणि ती जागा हीच त्यांची घरातली पत होती.

"तूच बोल," नवरा म्हणाला. "बायका-बायकांत बरं असतंय."

बरं कसलं? मी पुढं ढकलत राहिले.

एके दिवशी दुकानदार माल न्यायला आला. एकेक जोड उलटापालटा करून बघायला लागला.

"पावणं, चपला न्यायला आलाय का पोरगी बघायला?" सासूबाई म्हणाल्या.

तो हसला, पण त्यानं दोन जोड बाजूला काढले. "मावशी, ह्यो टाका बघा की. दारू पिऊन चालल्यागत चाललाय."

सासूबाईंनी जोड हातात घेतलासुद्धा नाही. "सुनंचं काम असंल त्ये. शिकतीया अजून."

मला त्या घरात टाके घालून दहा-बारा वर्षं झाली होती. नवरा खाली मान घालून कातडं कापत राहिला. मीही गप्प बसले. मन मोठं म्हणून नव्हे. चहा टाकायचा होता, वेण्या राहिल्या होत्या, आणि भांडायला अंगात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी दुकानदारानं बाजूला काढलेल्यांतला एक जोड त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आत्ती, बोट फिरवून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. आधी रेघेवरून, मग टाक्यांवरून, मग पुन्हा रेघेवरून.

"रेघ माझी हाय," त्या म्हणाल्या.

"टाकाबी तुमचाच हाय."

त्यांनी अंगठ्यानं एक टाका दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "काल का न्हाई बोललीस?"

"पावण्यापुढं?"

त्यांनी जोड खाली ठेवला आणि पाणी प्यायला आत गेल्या. त्या रात्री जेवल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी भाकरी वाढली की ताट ओढून घ्यायच्या, एवढाच आमचा व्यवहार.

त्यानंतर एका सकाळी पाणी भरून आले तर उंबऱ्याजवळ माझं बसायचं पोतं अंथरलेलं. त्याच्या शेजारी रेघा मारलेल्या तळांची थप्पी आणि वर त्यांची आरी. त्या स्वतः आत, भिंतीला टेकून, ओल्या तळांवर नख फिरवत बसल्या होत्या. तिथं उजेड नव्हता. त्यांना तो लागतही नव्हता.

"बघतीस काय? बस की," त्या म्हणाल्या. "कातडं वाळाय लागलंय."

मी बसले. घरातले सगळे टाके आता माझ्या एकटीच्या अंगावर आले होते. वेण्या सुटल्या नव्हत्या, नळही सुटला नव्हता. संध्याकाळी आरी धरलेली बोटं उघडायला दुसरा हात लागायचा.

पुढच्या खेपेला दुकानदारानं सगळे जोड उलटून पाहिले आणि एकही बाजूला काढला नाही.

"मावशी, सुनंचा हात सुधारला की!"

"सुधारंल न्हाय तर काय," आतून आवाज आला. "शिकवलंय कुणी?"

नवऱ्यानं माझ्याकडं चोरून पाहिलं. मी वादी दातात धरली आणि पुढचा तळ घेतला. रेघ नेहमीसारखी सरळ होती.