बळवंतरावांचा डबल बेस आणि मुकुंदरावांचा डबा

बळवंतराव जगदाळ्यांच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्याचं नाव कृष्णराव भागवत होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण चारचौघांत बळवंतराव कृष्णरावांचं तोंडभरून कौतुक करत. तसं कौतुक करून घरी आले की मात्र बायकोच्या, मंदाताईंच्या, आमटीत मीठ कमी पडलेलं असे.

दोघंही ग्वाल्हेर दरबारच्या तंतुवाद्यांच्या बँडमधले. कृष्णराव व्हायोलिन वाजवत आणि बळवंतराव डबल बेस. डबल बेस म्हणजे व्हायोलिनचंच माणसाहून उंच असं थोरलं भावंड. ते उभं राहून वाजवायचं. खाली लोखंडी टोकदार पाय असतो, तो जमिनीवर रोवायचा आणि जाड तारांमधून खालचा, घुमणारा स्वर काढायचा. सगळ्या बँडचा सूर आणि ठेका या वाद्यावर उभा असतो, असं बळवंतराव सांगत. ऐकणारे मान डोलवत आणि विचारत, की मग तुमचं नेमकं कुठलं ते ऐकू कसं येत नाही? जगदाळ्यांच्या घराण्यात पणजोबांपासून तलवार चाललेली, पण या प्रश्नावर ती उगारून उपयोग नव्हता.

खुद्द मंदाताईंनीही लग्नानंतर पहिल्याच जलशाला जाऊन आल्यावर हेच विचारलं होतं. तुम्ही हात तर हलवत होतात, असं त्या अगदी निर्मळ मनानं म्हणाल्या. बळवंतराव ते वाक्य अजून विसरले नव्हते.

दरबारात शाल मिळाली ती कृष्णरावांना, पदक मिळालं तेही कृष्णरावांना. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं, बँड मोडला आणि वादक सरकारी कचेऱ्यांत पांगले. बळवंतराव सरकारी भांडारात कारकून झाले. जुन्यातले पाच-सहा जण मिळून गणपतीत, लग्नात, निरोपसमारंभात वाजवत राहिले, तेवढीच हौस. आता तरी सगळे सारखे होतील असं बळवंतरावांना वाटलं होतं. तर कृष्णरावांनी नवंच काढलं. ते व्यासपीठावर चढताना चपला काढून ठेवू लागले. सरस्वतीच्या जागी पायताण कशाला, असं कोणाशी तरी बोलले आणि ते लष्करभर झालं. अनवाणी उभा राहून डोळे मिटून वाजवणारा माणूस बघून बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. बळवंतरावांनीही एकदा चपला काढून पाहिल्या. पायात फळीची ढलपी गेली, आणि चपला काढल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

वर कृष्णराव नेमके त्यांच्याच फळीवर, त्यांच्या पुढ्यात येऊन उभे राहत. इतकं व्यासपीठ मोकळं पडलेलं असताना यांना मलाच झाकायचं असतं, असं म्हणत बळवंतराव मनातल्या मनात दात खात.

छप्पन साली कळस झाला. मध्य भारतही जाणार, नवा मध्य प्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला, असं ठरलं. घराघरांतून एकच चौकशी चालू झाली: तुमचं ऑफिस जाणार की राहणार? बळवंतरावांचं भांडार भोपाळला निघालं. कृष्णरावांचं हिशेबाचं ऑफिस ग्वाल्हेरलाच राहिलं. ज्याला ग्वाल्हेर आधीच सगळं देऊन बसलं होतं, त्यालाच ग्वाल्हेरही मिळालं. त्या दिवशी बळवंतरावांनी आमटीला हातच लावला नाही.

जाणाऱ्यांसाठी माधवगंजातल्या धर्मशाळेच्या चौकात निरोपाचा कार्यक्रम ठरला. बळवंतरावांचं हे शेवटचं वाजवणं. आयुष्यभर वाजवून आपण एकदाही ऐकू न येता या गावातून जाणार, ही गोष्ट त्यांना खायला लागली. आणि तेवढ्यात मुकुंदराव डबा घेऊन आले.

मुकुंदरावांचं पाटणकर बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, आणि कार्यक्रमांना ते भोंगे भाड्यानं देत. डबल बेससमोर माइक ठेवला की त्यात शेजारचं व्हायोलिनच आधी शिरतं, हे त्यांना बरेच दिवस सलत होतं. म्हणून त्यांनी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बनवली होती. वाद्याच्या पोटाला मेणानं एक चकती चिकटवायची, तिची तार या पेटीत आणायची. पेटी आत तो बारीक आवाज वाढवते, साफ करते आणि थेट भोंग्याच्या यंत्राकडे पाठवते. मध्ये माइक नाही, हवा नाही आणि कृष्णरावही नाहीत.

"तुम्ही पास केलात तरच मी असे आणखी करीन," मुकुंदराव म्हणाले. "तोंडदेखलं बोलू नका. एकदम सही सांगा."

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी दुपारी धर्मशाळेच्या चौकात चाचणी झाली. बळवंतरावांनी डब्याला जरासुद्धा सवलत दिली नाही. सुरुवातीला घरघर होती, ती मुकुंदरावांनी एक तार जमिनीत पुरून घालवली. मग बळवंतरावांनी सर्वात जाड तार छेडली आणि भोंग्याकडे कान लावला. माइकमधून ती तार नुसती पिंपात बोलल्यासारखी यायची. डब्यातून ती अगदी स्वच्छ आली. गज फिरवला तर गजाचा खरखरीत स्पर्शसुद्धा आला. हळू वाजवलं, जोरात वाजवलं, मधेच बोटानं तार दाबून थांबवली, तर आवाजही जागच्या जागी थांबला. चौकाच्या टोकाला निवडणं करत बसलेल्या बायका माना वर करून बघू लागल्या, आणि त्या बळवंतरावांकडे बघत होत्या.

"साफ येऊन राहिलाय ना?" मुकुंदराव म्हणाले. "पार तिकडे हजीऱ्याच्या वस्तीपर्यंत जाईल."

बळवंतरावांनी तंबाखूचं निमित्त करून खाकरून घेतलं.

मग सगळे मिळून वाजवू लागले आणि भोंगा किंचाळला. फळ्यांचं व्यासपीठ पोकळ, ते हादरायचं, आणि तो हादरा बेसच्या लोखंडी पायातून वर चकतीत शिरायचा. मुकुंदरावांनी धर्मशाळेतून एक रजई मागून आणली, चौघडी केली आणि त्या पायाखाली सारली. शिट्टी बंद झाली. बेस आता फळीवर नव्हता, रजईवर होता, आणि भोंग्यातून साऱ्या चौकात घुमत होता.

पण कृष्णराव चुकले. आधी ते ठेक्याच्या पुढे गेले, मग सूरही घसरला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच झालं. इतक्या वर्षांत बळवंतरावांनी त्यांना असं चुकताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून उकळ्या फुटल्या. एकदा माझा आवाज ऐकू आला तर याची ही गत, असं त्यांच्या मनात आलं.

रजईशिवाय डबा किती चालतो तेही पाहायला हवं, म्हणून मुकुंदरावांनी ती काढली आणि आवाज कमी केला. कृष्णराव ताबडतोब जागेवर आले. सूर सुईच्या टोकावर. रजई घातली, घसरले. काढली, सावरले. बळवंतरावांची नजर खाली गेली. कृष्णरावांच्या अनवाणी पायाची बोटं फळीला चिकटली होती, आणि रजई बेसच्या पायाखाली गेली की ती बोटं काहीतरी हरवल्यासारखी चाचपडत होती.

बळवंतरावांनी आणखी एकदा रजई घालायला लावली. त्याची काही गरज नव्हती. फक्त बघायचं होतं म्हणून लावली.

सगळे चहाला गेले. कृष्णराव पाठमोरे उभे राहून व्हायोलिन पुसत होते. बळवंतरावांनी मागून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. कृष्णराव हलले नाहीत. तेव्हा बळवंतरावांनी टाच उचलून फळीवर आपटली, आणि कृष्णराव गर्रकन वळले.

मग कृष्णरावांनी रजईकडे पाहिलं.

"कधीपासून?" बळवंतरावांनी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

"दरबार गेला, त्याच सुमारास कान गेले," कृष्णराव म्हणाले. "माझं वाजवणं मला हनुवटीतून कळतं. बाकी सगळं तुमच्यावर. तुम्ही फळीवर आहात, म्हणून मी आहे." मग ते म्हणाले, "कोणाला बोलू नका, बळवंतराव."

एखाद्या भल्या माणसाला इथे दया आली असती. बळवंतरावांचा आधी तिळपापड झाला. म्हणजे ती सरस्वती, ते मिटलेले डोळे, बायकांचे पदर, सगळं माझ्या जोरावर! आयत्या बिळावर नागोबा होऊन हा माणूस इतकी वर्षं मिरवला! जन्मभर लोकांना सांगत आलो की सगळं माझ्यावर उभं असतं, ते अक्षरशः खरं निघालं. आता पुरावा हातात आहे, आणि तो दाखवायची सोय नाही. कार्यक्रमापर्यंतचे सगळे दिवस त्यांनी एकच चित्र मनात घोळवलं. भोंग्यातून आपला बेस घुमतो आहे, आणि सगळ्या लष्करासमोर कृष्णराव फळीवर पाय चाचपत आहेत. मंदाताईंनी तर माहेरच्यांनाही बोलावलं होतं. या वेळी हे ऐकू येणार आहेत, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चौक भरला. मुकुंदरावांनी चकती चिकटवली आणि रजईची चौघडी करून ठेवली. कृष्णराव आले. पायऱ्यांपाशी त्यांनी चपला काढल्या, पुढच्या रांगेतल्या लोकांनी भक्तिभावानं त्या चपलांकडे पाहिलं. कृष्णरावांनी रजई पाहिली. हात जोडले नाहीत, डोळ्यांनीसुद्धा विनवलं नाही. नेहमीच्या फळीवर, नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरलं.

त्यांनी विनवलं असतं तर बळवंतराव नाही म्हणू शकले असते. त्याच वेळी त्यांना आणखी एक गोष्ट कळली, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. ग्वाल्हेरनं ज्या व्हायोलिनसाठी माना डोलवल्या, त्यातलं अर्धं बळवंतरावांनीच वाजवलेलं होतं. आज कृष्णराव पडले असते, तर ते अर्धंही त्यांच्याबरोबर मातीत गेलं असतं. शिवाय लोक हळहळले असते तेही कृष्णरावांसाठीच.

बळवंतरावांनी पायानं रजई बाजूला सारली. चकती उचकटून मुकुंदरावांच्या हातात दिली.

"काय झालं? डब्यात काही खराबी?" मुकुंदराव घाबरून म्हणाले.

"डबा पास आहे. हवे तितके बनवा," बळवंतराव म्हणाले. "मला नको."

आणि त्यांनी लोखंडी पाय फळीत असा रोवला की लाकूड करकरलं. त्या संध्याकाळी ते हात दुखेपर्यंत वाजवत राहिले. कोणाला ऐकू आलं नाही, पण व्यासपीठ थरथरत होतं आणि कृष्णरावांच्या पायाची बोटं फळीला घट्ट धरून होती. कृष्णरावांनी असं कधीच वाजवलं नव्हतं, असं नंतर सगळे म्हणाले. बळवंतरावांचंही मत तेच होतं, म्हणून तर त्यांचा जळफळाट झाला.

टाळ्या थांबेनात. कृष्णरावांच्या गळ्यात हार पडला. जाणाऱ्यांपैकी प्रत्येकाला एकेक फूल मिळालं, बळवंतरावांनाही मिळालं. मग कृष्णरावांनी हात वर करून लोकांना शांत केलं.

"बळवंतराव भोपाळला चालले," ते म्हणाले. "ते गेल्यावर मी व्यासपीठावर वाजवणार नाही. हे माझं शेवटचं."

चौकात पुन्हा टाळ्या उठल्या, आधीपेक्षा दुप्पट. पुढच्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले. मित्रासाठी एवढा त्याग कोण करतो हल्ली, असं लोक एकमेकांना सांगू लागले. बळवंतराव बेसला धरून उभे होते. या वाक्याचा खरा अर्थ त्या अख्ख्या चौकात दोघांनाच ठाऊक होता, आणि त्याचीही टाळी कृष्णरावांनीच घेतली होती.

परतताना टांग्यात बेस आडवा ठेवला होता आणि त्याच्यापलीकडे मंदाताई बसल्या होत्या. माहेरच्यांसमोर त्यांची फजिती झाली होती, पण ते त्यांनी काढलं नाही. वळणावर त्या हळूच म्हणाल्या, "ऐकू नाहीच आलं हो तुमचं."

"नाही," बळवंतराव म्हणाले.

"पण कृष्णराव किती मोठ्या मनाचे! तुमच्यासाठी वाजवणं सोडलं त्यांनी."

बळवंतरावांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं होतं. त्यांनी बेसच्या मानेवरून हात फिरवला आणि तोंड मिटलं.

"मोठ्या मनाचे आहेतच," ते म्हणाले.